गेटवर मुलींच्या पर्स बघत नाहीत

१२ सप्टें. ८८, सोम.
अवि गेल्यावरच्या पुण्यानुमोदनानंतर आज पहिल्यांदा कॉलेजला गेले. आप्पा गेटपर्यंत सोबत आले, मग कामावर. माझं टी.वाय. म्हणून जाऊ देतायत. अविला गोळी लागली तो जिना धुतलेला. वर्गात जायला दुसरा जिना नाही.
बबलू कँटीनमध्ये बसलेला.

१४, बुध.
फौजदार घरी आले. जिन्यावर शंभर मुलं होती, पण पिस्तूल कुणाच्या हातात होतं ते कुणीच पाहिलं नाही म्हणे.
"कुणाशी वैर?"
आई म्हणाली, "वैर कसलं साहेब, वर्गाचा सी.आर. व्हायला उभा होता पोरगा."
आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला काही माहीत असतं तर तेव्हाच बोलली असती."
मी चहा गाळत होते. गाळत राहिले.

१५, गुरु.
इथे तरी लिहिते. अविला गोळी लागली त्याच्या आदल्या दिवशी मी पाहिलं होतं. अविविरुद्धच्या पॅनेलचा बॅनर बांधायला बबलूने हात वर केले, शर्ट वर सरकला. कमरेला खोचलेलं पिस्तूल. त्यानेही मला बघताना पाहिलं. शर्ट खाली ओढत म्हणाला, "काय फ्रीशिप? भावाला सांग, फॉर्म मागे घे म्हणावं." आमची फी माफ, म्हणून हाक तीच.
अविला सांगितलं नाही. घरी कळलं असतं तर आप्पांनी दोघांचं कॉ. बंद केलं असतं. माझ्यासाठी माजिवड्याचं स्थळ आलेलंच होतं. परीक्षेला आठ महिने. मला वाटलं, नुसता धाक…

१९, सोम.
प्राचार्यांची नोटीस. आजपासून गेटवर झडती. आपल्या वस्तीतल्या पोरांना बाजूला काढलं, खिसे उलटे करायला लावले, प्रकाशला बूटसुद्धा. तो काही बोलला तर शिपाई म्हणतो, "भानगड तुमच्यातच झाली ना? मग झडती पण तुमचीच."
बबलू स्कूटरवरून थेट आत.
मुलींना तपासत नाहीत. बाई शिपाई नाही.

२१, बुध.
लायब्ररीत प्रकाश समोर येऊन बसला. अविच्या बाकावरचा, त्याचा जिवलग.
"ताई, आपली चार पोरं कॉलेज सोडतायत. मी नाही सोडणार. सामान मिळालंय."
"कसलं?"
"त्यांच्याकडे आहे तेच. तुझी पर्स बघत नाहीत. फक्त गेट पार कर, आत मी घेतो."
मी पुस्तकाचं पान उलटलं.
"म्हणजे हो ना?"
सोमवारी साडेसात, झेरॉक्सच्या दुकानापाशी, असं सांगून गेला.

२३, शुक्र.
आई म्हणते, अविची पुस्तकं प्रकाशला दे, तो तरी शिकू दे.
चौकीपर्यंत जाऊन बाहेरूनच परत आले. फौजदार विचारणार, तेव्हा का नाही बोललात? मग आईही तेच विचारणार.

२६, सोम.
पर्स नेलीच नाही. प्रकाश हातात कापडी पिशवी घेऊन उभा, वर जर्नल ठेवलेलं. त्याला सगळं सांगून टाकलं. बॅनर, शर्ट, बबलू काय म्हणाला ते.
तो म्हणाला, "अविला माहीत होतं?"
"नाही."
"आणि मला आज सांगतेस."
मी म्हटलं, "चौकीत चल माझ्याबरोबर. एकटीला जमत नाही."
त्याने पिशवीकडे पाहिलं. "हे घेऊन?"
पहिला तास गेला. जाताना म्हणाला, "उद्या साडेसातला इथेच असेन. तू चौकीत सांगून आलीस तर हे खाडीत टाकतो. नाही आलीस तर बघू कोण मला गेटवर अडवतो."
फौजदारांना सांगायचं तर आधी घरी सांगायला हवं. जेवणाआधीच. आप्पा मोरीत हातपाय धुतायत. आईने ताटं घेतली, तीन.