देखभाल करणाऱ्याचं नाव

प्रिय इंजिनिअर,

ही हाक वाचून हसू नकोस. लग्न मोडल्यावर नवऱ्याला काय म्हणायचं हे मला कुणी शिकवलं नाही, आणि तुझं नाव लिहायला घेतलं की पेन थांबतं.

आपलं पॅकेज, किडनीच्या पेशंटसाठी दोघांनी लिहिलेला तो प्रोग्रॅम, बंद पडायला आलं होतं. किडनी विभागातल्या सिस्टरचा फोन आला, "ताई, नवीन कॉम्प्युटर आलेत आणि तुमचं ते चालू केलं की धाडकन बंदच पडतं. पेशंट नुसते बसून आहेत." बसवलेली किडनी कुणाची आधी कुरकुरेल, तपासणीला कुणाला लवकर बोलवायचं, हे ती अजूनही आपल्या पॅकेजलाच विचारते. जगभरची पॅकेजं सांभाळणाऱ्या मंडळींचंही पत्र आलं, महिनाअखेरपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर काढून टाकू.

पॅकेजमधलं वरचं, आर या कॉम्प्युटरच्या भाषेतलं, माझं. आतलं, सी भाषेतलं, तुझं. माझं गणित डॉक्टरांना वाचता यायचं, पण ते रांगायचं. तू ते सीमध्ये लिहून, कंपाइल करून, म्हणजे थेट मशीनच्या भाषेत उतरवून, आत बसवलंस आणि ते पळायला लागलं. दोन्ही एकत्र बांधायला आपलं अख्खं वर्ष गेलं. तुझी आई दाराशी येऊन विचारायची, भांडताय की काम करताय? आपण एकदमच म्हणायचो, काम. खरं तर दोन्ही चालू असायचं. तू मला चिडवायचास, तुझ्या भाषेत मागून झाडून घेणारं कुणीतरी असतं म्हणून तुला पसाऱ्याची सवय. माझ्या सीमध्ये आपलं ताट आपणच उचलावं लागतं.

चूक नेमकी तिथेच सापडली, आणि ती तुझी होती. आर आपली मेमरी मधूनमधून झाडून काढतं. तुझ्या कोडने आत काही तयार केलं, तर 'हे वापरात आहे, हात लावू नकोस' असं त्याला सांगून ठेवावं लागतं. एका ठिकाणी तू ते सांगायला विसरलास. इतकी वर्षं निभावलं, कारण झाडणारा नेमका त्या क्षणी कधी आला नाही. नव्या मशीनवर आला, आणि गणित अर्ध्यात असताना पायाखालचं सगळं उचलून घेऊन गेला.

तुला फोन करावा असं फार वाटलं. केला नाही. सी शिकले. या वयात, दवाखान्याच्या बाकावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. तुझा कोड ओळीओळीने वाचला. तू किती नीटनेटका होतास रे. घरात कधी दिसलं नाही ते. कठीण जागी तू माझ्यासाठी टिपा लिहून ठेवल्या होत्यास, 'इथे घाबरू नकोस, हे फक्त मोजतंय.' मी त्या तेव्हा वाचल्याच नव्हत्या. मला सी येत नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. सगळ्या तऱ्हेच्या मशीनवर कंपाइल करून पाहिलं. चालतं. आनंद कुणाला सांगावा कळेना, म्हणून उठून खिडकी उघडली आणि थोड्या वेळाने लावून घेतली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पॅकेजवर देखभाल करणारा म्हणून एकाच माणसाचं नाव लागतं, आणि तो माणूस जिवंत आणि उत्तर देणारा असावा लागतो. ते नाव माझं आहे. दुसऱ्याच्या हाती द्यायचं तर जुन्या माणसाने स्वतःच तसं कळवावं लागतं. तो गेल्यावर ते फार अवघड होतं. मी सी शिकले ते दवाखान्यातलं बाक किडनी विभागातलं नव्हतं. गाठ परत आली आहे, या वेळी यकृतात. डॉक्टर पुढच्या वर्षाबद्दल बोलायचं टाळतात. मी त्या मंडळींना कळवून टाकलं आहे आणि तुझं नाव दिलं आहे. न विचारता दिलं, कारण तू नाही म्हणाला असतास तर मला दुसरं कुणी नव्हतं. ते तुला विचारतील, घेता का? भेटायला ये असं मी लिहीत नाही. एवढं मात्र घे. सिस्टर सकाळी लवकर फोन करते आणि तब्येतीची चौकशी न करता थेट कामाचं बोलते. तिच्याशी बोलताना मला बरं वाटायचं.

तुझीच
(दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही)