तिचा शेवट आम्ही बदलला

आई, तुझी सात वाजताची मालिका संपली. तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली, तरी ती चालूच होती. आणि गेल्या महिन्यात ती इतकी वाईट संपली की दुसऱ्या दिवशी कारखान्यात आम्ही बायका मशीन सुरू करायचंच विसरलो. पण थांब, रडगाणं गायला नाही बसले मी. त्यानंतर जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैनच पडत नाहीये.

शुक्रवार पेठेतल्या आपल्या खोलीत टीव्ही बाहेर आणि शेगडी आत. सात वाजता तू भाकऱ्या थापत असायचीस आणि मी टीव्हीसमोरून ओरडून सांगायचे, "आई, नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं!" आतून तुझा प्रश्न यायचा, "रडती का?" मी म्हणायचे, नाही. "मग बरंय. रडाय न्हाय पायजे तिनं." जाहिराती लागल्या की पिठाच्या हातांनी बाहेर येऊन तू सगळं परत विचारायचीस. बघितली कमी, ऐकलीच जास्त तू ती मालिका. म्हणून तर मधेच नायिकेचं काम करणारी बदलली, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तूच आतून म्हणालीस, "आगं, ही ती न्हाय!" आणि मालिकेत तिनं शिवणाचं दुकान काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू डब्यात जास्तीच्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन गेलीस. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या सगळ्याजणींना वाटलीस. "आपल्या पोरीनं दुकान काढलं की," म्हणालीस म्हणे. हे मला तुझ्या शेजारच्या मशीनवरच्या मावशींनी सांगितलं. घरी तेलुगू बोलतात त्या. आता त्या माझ्या शेजारी असतात, कारण तुझ्या मशीनवर मी बसते.

पुढं त्या मालिकेचं काय केलं त्यांनी, तुला बघवलं नसतं. दुकान कुठं गेलं ते कुणी सांगितलंच नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरीच एक आली. मेलेला दीर जिवंत झाला. एक लग्न सव्वा महिना चाललं. मधेच दहा वर्षं उलटली, तर तिच्या केसांत फक्त एक पांढरी बट! तरी आम्ही बघत राहिलो. वाटायचं, शेवटी तरी ही काहीतरी बोलेल. आणि शेवटच्या भागात काय, तर तिला हाकलून देणारा तो नवरा बॅग घेऊन आला, गुडघे टेकून "चुकलो" म्हणाला, आणि ही त्याच्याच पाया पडली. मग सगळ्यांनी मिळून केक कापला. संपलं.

"येवढी वर्षं बगितलं की मी!" मावशींचा आवाज मशीनच्या खडखडाटातही ऐकू जाईल असा. "केक खायाला? आपनच करू या शेवट. खंडेनवमीला." खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की आमच्याकडं अर्धा तास कार्यक्रम असतो, पोरींचे नाच वगैरे. मालकांना विचारलं, ते हसत हो म्हणाले. आणि लिहायचं काम सगळ्यांनी माझ्यावर टाकलं, का तर मी बारावी झालेली! आई, मी लिहिलं. लेबलांच्या कोऱ्या पाठीवर, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायचंही विसरून. नायिकेला सोळा ओळींचं भाषण दिलं. पॅकिंगमधली खणखणीत आवाजाची पोरगी नायिका, आणि मावशी खांद्यावर टॉवेल टाकून नवरा.

खंडेनवमीला सकाळी त्या पोरीचा घसा पार बसलेला. तालमी करकरून. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी कधी चार माणसांत उभी राहून बोललेली नाही, तुला माहीत आहे. पण दोन चादरी टांगून केलेल्या दारात मी उभी आहे, मशीनना झेंडूच्या माळा घातल्या आहेत, समोर शंभरेक माणसं, आणि मावशी पिशवी घेऊन येतात, गुडघे टेकतात. "चुकलो. घरात घे मला." आणि माझ्या सोळा ओळी गेल्या. एक शब्द आठवेना. मावशी खालून डोळे मोठे करतात. आणि माझ्या तोंडातून निघतं, "जेवून जावा. पन पिशवी भाईरच ऱ्हाऊ द्या."

 मागच्या रांगेतली एक बाई उठून टाळ्या वाजवायला लागली, आणि मग सगळ्याच. मावशींनाही राहवेना. "मग वाढ तर की लवकर!" म्हणाल्या, आणि शेड हसण्यानं दणाणून गेली. अजून तो आवाज माझ्या कानांत आहे.

मी नववीत होते. चार वर्षं तिकडं पुण्यात दुसरं घर करून राहिलेले बाबा एका रविवारी दुपारी दारात आले, आणि तू त्यांना नेमकं हेच म्हणालीस. वाढलंस, पाणी दिलंस, आणखी एक भाकरी घ्या म्हणालीस. पिशवी उंबऱ्याबाहेर होती ती तिथंच राहिली. ते गेल्यावर मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. मला तेव्हा केकवालाच शेवट हवा होता, आई.

आता रोज कुणी ना कुणी विचारतं, ते वाक्य लिहिलंस कधी? मी म्हणते, आदल्या दिवशी सुचलं. तुझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं, तर ते आठ दिवसही सांगावे लागले असते.