भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

आप्पा, उद्या संध्याकाळपर्यंत मला एका नोकरीला हो की नाही ते कळवायचं आहे. आईला विचारलं तर ती म्हणते, "मला काय इचारतीस? तुज्या बापाला इचार," आणि गवार मोडत बसते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात अवघड प्रश्न आला की ती तो अजून तुमच्याच ताटात वाढते. म्हणून विचारते आहे. नोकरी परदेशात आहे, कायमची आहे, आणि मी ज्या विषयात शिकले त्या विषयातल्या माणसाला याहून बरी जागा मिळत नाही असं सगळे म्हणतात. दुसरीकडे इथल्या एका छोट्या संस्थेचं काम आहे, यंत्रमागावरच्या कामगारांचे कान तपासण्याचं. ते वर्षावर्षाच्या करारावर. पुढच्या वर्षी संस्था असेल की नाही हे संस्थेलाही माहीत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. पुढचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. मी काही वर्षं वॉर्डात काढली, मग शिष्यवृत्ती मिळाली आणि बाहेर जाऊन 'जागतिक आरोग्य समता' या विषयात एम.ए. केलं. हे नाव गल्लीत सांगायचं म्हणजे शिक्षाच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हंजे आता डाक्टर झालीस व्हय?" नाही म्हटलं. "मग मोठी सिस्टर?" तेही नाही म्हटलं, तर त्या आईकडे वळून हळहळल्या, "आसूं दे, हुईल काहीतरी." तुम्हाला मी असं सांगितलं असतं: एकाच कारखान्यात मालकाचे कान शाबूत आणि मागावरच्या माणसाचे गेलेले, हे असं का होतं आणि ते तसंच चालू द्यायचं का, एवढाच तो विषय. तुम्ही म्हणाला असतात, "ह्याला शिकाय लागतंय व्हय?" आणि आपण दोघंही हसलो असतो. हे असलं नुसतं कल्पून घ्यायचा मला आता कंटाळा आला आहे, आप्पा. एकदा तरी तुम्ही खरंच म्हणायला हवं होतं.

या शिक्षणानंतर करायचं काय, हे आमच्या वर्गात कुणालाच नीट माहीत नव्हतं. एकजण औषध कंपनीत गेला आणि सुखात आहे. एकजण अजून पीएच.डी. करतेय आणि त्याबद्दल विचारलेलं तिला आवडत नाही. एक मैत्रीण पुन्हा आपल्या जुन्या दवाखान्यात जाऊन बाळंतपणं करते. मी अहवाल लिहिणाऱ्यांत गेले. आधी दिल्ली, मग बाहेर. माझं काम वाईट नव्हतं, उगाच नावं ठेवणार नाही. आम्ही लिहिलेल्या कागदांवरून कुठेकुठे नियम बदलले, कारखान्यांत आवाज मोजायला माणसं आली. पण त्या बैठकांमध्ये बोलताना मी आपोआप उजेडाकडे तोंड करून बसायची. ओठ नीट उघडून, सावकाश बोलायची. एका प्राध्यापकांनी विचारलंही, असं बोलायला कुठे शिकलीस. मी म्हटलं, घरी.

आपल्या घरात लाईट गेली की बोलणं बंद. इतरांच्या घरी अंधारात गप्पा रंगत, भुताच्या गोष्टी निघत. आपल्याकडे आई आधी कंदील लावायची, तो स्वतःच्या तोंडाजवळ धरायची आणि मग अर्धं राहिलेलं भांडण पुढे चालू करायची. तुम्हाला बोलणी खायची नसली की तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. तेवढ्यानं ती अशी पेटायची की विचारू नका. आणि मी शाळेतून आले की धावत येऊन काहीतरी ओरडून सांगायची, तेव्हा तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवायचात. "वरडू नगं. त्वांड नीट हलीव." मग तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायला लागायचात. पापणी न हलवता. पहिलीतल्या पोरीची कुणी पेन्सिल चोरली, कुणी बाक बदलला, ही काय बातमी होती? पण त्या बातमीकडे तुम्ही असं बघत राहायचात की एक शब्द सांडला तर नुकसान होईल.

कारखान्यात मात्र तुम्ही राजे होतात. आईबरोबर डबा घेऊन मी पहिल्यांदा तिथे, अक्कलकोट रोडला, आले तो दिवस मला आजही दिसतो. मी शेडच्या दारात उभी आहे, "आप्पा!" म्हणून ओरडते आहे आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. मागांवर सूत नेणारे धोटे इकडून तिकडे आदळतायत, पायाखालची फरशी थरथरतेय. तेवढ्यात पलीकडच्या मागावरचे चाचा मला बघतात आणि दोन्ही खांद्यांवरून बोटं खाली ओढून दोन वेण्यांची खूण करतात, आणि तुम्ही वळता. तिथे तुमची दोघांची भाषाच वेगळी होती. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं सूत तुटलं, कुणाची बायको रुसून माहेरी गेली, सगळं हातांनी आणि ओठांनी, आवाजाला अजिबात न विचारता. तुम्ही केम गावाकडचे शेतकरी, चाचांच्या घरात उर्दू, मधल्या मागावरचे तेलुगू बोलणारे, पण त्या शेडमध्ये कुणालाच दुभाषी लागला नाही. आपले कान गेलेत हे तुमच्या कुणाच्या कधी लक्षात आलं, देव जाणे. ऐकू येण्यावाचून तुमचं काही अडतच नव्हतं.

आणि मग ते सरकारी दवाखान्यातलं. मी नर्सिंगला लागले होते, अंगावर नवा युनिफॉर्म, डोक्यात नवी हुशारी. डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाले, कधीपासून ऐकू येत नाही? तुम्ही तोंड उघडायच्या आत मी सगळं सांगून मोकळी झाले, वर्षं, शेड, आवाज, सगळं. तुम्ही टेबलावर हलकेच टिचकी मारलीत. "डाक्टर, माज्याकडं बगून बोला. मी हितं हाय की." डॉक्टर बिचारे चांगले होते, त्यांनी लगेच मान वर केली. पण गेटाबाहेर आल्यावर तुम्ही मला सुनावलंत. "तू माजं त्वांड हुऊ नगं. माजं मला हाय." घरापर्यंत तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, म्हणजे आपल्या हिशेबात बोलणंच टाकलंत. परदेशातल्या या नोकरीच्या वर्णनात पहिलंच वाक्य आहे: ज्यांचा आवाज पोहोचत नाही त्यांच्या वतीने बोलणे. वाचून मी एकटीच हसले. असं बोलणारं कुणीतरी लागतं, हे मला पटतं. फक्त ते वाचताना माझा हात हनुवटीकडे गेला.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते, कारण सगळा घोळ तिथून सुरू झाला. मी सुट्टीवर आले होते, आणि या छोट्या संस्थेनं साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कान तपासणीचं शिबिर ठेवलं होतं, तिथे मदतीला गेले. माग बंद, त्यामुळे शांतता. आई म्हणाली, "काखंत कळसा आन् गावाला वळसा. येवडं जग फिरलीस, शेवटी आपल्याच गल्लीचं कान बगाय आलीस." संस्थेतली मुलगी तयारीची होती, पुण्याहून शिकून आलेली. कानाला हेडफोन लावायचा, मशीनमधून आवाज सोडायचा, ऐकू आला की माणसानं बोट वर करायचं. खोली अरुंद, म्हणून माणूस तिच्या समोरच बसायचा, पण तिची बटणं दिसू नयेत म्हणून तिनं मध्ये पुठ्ठा उभा केला होता. सगळं पुस्तकात लिहिलंय तसं. आणि सकाळपासून एकेक जण पास होत होता. वीस-वीस वर्षं मागावर काढलेली माणसं, आणि कान कोवळ्या पोरासारखे. ती मुलगी खूश झाली, म्हणाली, ताई, आपल्याला वाटत होतं तितकं वाईट नाही.

मग चाचा आले. आता ते मागावर नसतात, गोडाऊनमध्ये टॉवेलच्या घड्या घालतात. त्यांच्या घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायला नात लागते हे मला माहीत आहे. ते बसले आणि प्रत्येक आवाजाला बरोबर बोट वर. एकही चुकला नाही. "देख बेटी, मेरे कू सब सुनाई देता." मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला एकदम तुम्ही दिसलात. तेच बघणं. ते पुठ्ठ्याकडे बघतच नव्हते, त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होते. बटण दाबताना तिच्या ओठांचा कोपरा किंचित आवळला जायचा, आणि शेडमध्ये जन्म काढलेल्या माणसाला तेवढं म्हणजे भोंगा वाजल्यासारखं. ते फसवत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की आपण ऐकतोय.

मी त्यांना उठवलं, खुर्ची उलटी फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसवलं. मशीन पुन्हा सुरू झालं. हलका आवाज, मग मोठा, मग त्याहून मोठा. चाचांचं बोट मांडीवर तयार होतं, पण ते उठलं नाही. ती मुलगी आवाज वाढवत गेली आणि ते समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत शांत बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वळवली आणि विचारलं, "अबी चालू नै करे क्या?"

मला रडू आलं, आप्पा. शिबिरात, सगळ्यांसमोर. मग मी त्यांच्यापुढे खाली बसले आणि ओठ नीट हलवत सगळं सांगितलं. ते हसले. "तेरे बाप का बी ऐसाइच था. दोनों मिल के सब कू येडा बनाए हम." त्या मुलीनं सकाळच्या सगळ्या तपासण्या रद्द केल्या आणि लोकांना परत बोलावलं. दिवस उतरेपर्यंत सगळे एकेक करून भिंतीकडे तोंड करून बसत होते, आणि बोटं मांडीवरच राहत होती. बाहेर रांगेतली माणसं मात्र हातवारे करून एकमेकांची टर उडवत होती.

त्याच संध्याकाळी संस्थेनं मला हे काम विचारलं, आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. परदेशातली मैत्रीण म्हणते, आता नाही म्हणालीस तर ही जागा पुन्हा येणार नाही, आणि ती खरंच बोलते. आई म्हणते, "जा की. हितं ऱ्हाऊन काय जलमभर खुर्च्या फिरवणार हाईस?" ती हे म्हणते आणि संध्याकाळी माझ्या आवडीची शेंगाभाजी करते, आता यातलं कुठलं खरं धरायचं? मी तुम्हाला विचारायला बसले होते, पण लिहितालिहिता कळतंय की माझं ठरलं आहे. मी राहणार आहे. उद्या त्यांना कळवताना मी समता, स्थानिक काम, जबाबदारी असे शब्द लिहीन, आणि ते खोटे नसतील.

पण तुमच्यापाशी खरं सांगते. त्या दिवशी तपासणी झाली की मी त्या माणसांसमोर बसून समजावून सांगत होते, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पापणी न हलवता, एकही शब्द न सांडता. परदेशात सगळ्यांनी मला नीट ऐकून घेतलं, पण तुम्ही गेल्यापासून असं माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. त्या बघण्यासाठी मी थांबते आहे. पुढच्या महिन्यात चाचांना कानाचं यंत्र बसेल. त्या मुलीकडून शिकून मीच ते बसवणार, मन लावून बसवणार. मग मी बोलताना ते निवांत दुसरीकडे कुठेतरी बघतील, आणि आप्पा, मला वाईट वाटेल. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. तुम्हाला पाठवायची काही सोय नाही, म्हणूनच तुम्हाला सांगितलं.