शनिवारचं ताट

अंकुशनगर

बाबा, सप्रेम जय भीम.

इकडं सगळं बराबर आहे. तिकडं फोन आईच उचलते, म्हणून पत्र लिहून राह्यले.

आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळानं नर्सबाईला बोलावून बायांचं रक्त तपासून घेतलं. सगळ्यांचंच कमी निघालं. माझंबी, पण गोळ्या चालू आहेत. मंग मंडळानं ठरवलं, निदान दर शनिवारी तरी बाईनं घरच्यांसोबतच जेवायला बसायचं. आमच्या सासूबाई बसल्या, पण वाढायला तीनदा उठल्या.

आईची चक्कर थांबली का? या शनिवारी तिला तुमी वाढा. बाजारातून तिच्या आवडीचं काही आणा. काय आवडतं, ते मला विचारू नका. मी तिला कायम उरलेलंच खाताना पाहिलंय.

तुमची,
प्रीती