स्वल्प म्हणजे किती

अण्णा, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. आज प्रयोगशाळेत नव्या मुलीने विचारलं, या गेजमध्ये चूक केवढी आहे, आणि माझ्या तोंडून थोडंसं या अर्थाचं कानडी "स्वल्प" निघून गेलं. दहावीच्या सुट्टीत तुमच्या टेबलावर पितळी दांडी मोजून मी हेच म्हटलं होतं. तुम्ही व्हर्नियर माझ्या हातातून काढून घेतलात. "स्वल्प कोथिंबीरवाल्या अक्काकडे मागायचं. इथे आकडा सांग." त्यानंतर मी तो शब्द घरात वापरला नाही.

एकोणिसाव्या वर्षी माझा पुढे आलेला खालचा जबडा ऑपरेशन करून मागे घेतला. जबडा ठरल्याप्रमाणे बसला, पण शुद्धीवर आले तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू हलेना, डोळा मिटेना. सर्जन म्हणाले, नस दबली आहे, तुटलेली नसावी. "नसावी, की नाही?" तुम्ही विचारलंत. ते पुन्हा "नसावी"च म्हणाले.

मग रोज सकाळी हेब्बाळच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी मी स्टुलावर बसते. दात तारांनी बांधलेले. तुम्ही व्हर्नियर रुमालाने पुसता, डाव्या कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर घेता, म्हणता, "हास," आणि पुन्हा घेता. फरक वहीत. महिनाभर शून्य. एका सकाळी तुम्ही म्हणालात, "हललं." रसम गाळता गाळता आईने विचारलं, "किती?" "स्वल्प." "अगंबाई! आज कोथिंबीर मोजताय वाटतं?" "तू रसम बघ." मी तारांमधूनच "सरी" म्हटलं, बरं म्हणावं तसं. वहीतली त्या दिवशीची ओळ कोरी आहे.

तीन आठवड्यांनी खरोखर शून्य दशांश चार मिलिमीटर आले. तुम्ही माप दोनदा घेतलंत आणि आईला मोठ्याने वाचून दाखवलंत. वर्षभरात बहुतेक सगळं परत आलं. अजून हसताना डावा डोळा बारीक होतो. ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याला वाटतं, मी डोळा मारते. मी खुलासा केलेला नाही.

व्हर्नियर माझ्याकडे आहे. दर सहा महिन्यांनी तपासते. चेहऱ्याला पुन्हा लावलेला नाही. हा कागद वहीत, त्या कोऱ्या ओळीपाशी ठेवते आहे. तुम्हाला सांगायचं राहिलं ते एवढंच, की त्या सकाळी "हास" म्हणालात तेव्हा मी हसलेच नव्हते. शून्य ऐकायचा कंटाळा आला होता. उजवी बाजूही हलली नव्हती, म्हणजे तुम्हाला ते दिसलं असणार. दुसऱ्या दिवशी मात्र मी पूर्ण जोर लावून हसले.