दंड कानाला लागेपर्यंत

९ एप्रिल २०२५, बुधवार

गणपती गेल्यापासून इथे एक ओळ लिहिली नाही. चुकलं. पण माफी कुणाची मागायची — कोऱ्या पानांची? त्यांचं काय अडलंय! तरी मागते.

थोडक्यात: उजव्या स्तनात गाठ निघाली. आधी केमो, मग मार्चमध्ये ऑपरेशन. स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. हे वाक्य लिहिताना काहीतरी होईल असं वाटत होतं. काही झालं नाही. फक्त ओळ उतरती गेलीय. हात लवकर थकतो.

आता राहिलं रेडिएशन. पाच मे, सोमवार, धुळ्याच्या दवाखान्यात प्लॅनिंग. मशीनमध्ये हात डोक्यावर नेऊन अजिबात न हलता पडून राहायचं. हात वर गेला नाही तर पुढचं काहीच होत नाही. माझा हात खांद्याइतका येतो आणि थांबतो.

म्हणून व्यायाम.

१० एप्रिल, गुरुवार

फिजिओथेरपीचा पहिला दिवस. अलफिया नाव तिचं. अकरावीला मी शिकवायचे त्या वर्गात होती म्हणे. मला ती आठवत नाही. तिला मी आठवते.

"मॅडम, तुम्ही आम्हाला हात वर करून उभं करायच्या. आता माझी पाळी!"

हसले मी. जरा उशिरा.

तिने शिकवलं ते असं — खांदे मागे फिरवणं. टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा नुसता सोडून झुलू द्यायचा. पाठीवर पडून दोन्ही हातांत काठी धरायची, हळूहळू डोक्यामागे न्यायची. आणि भिंत. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटांनी वर चढत जायचं. "ओढ बसली पाहिजे, कळ नको. दंड कानाला लागला की झालं."

दंडाच्या आतल्या बाजूला मला काहीच जाणवत नाही. तिथे बोट फिरवलं तर बोटाला दंड कळतो, दंडाला बोट कळत नाही. अलफिया म्हणाली, तिथली नस जाते ऑपरेशनमध्ये. काहींची जाणीव परत येते, काहींची नाही. या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको, ओझं नको, चटका नको. मी मान हलवत होते.

१३ एप्रिल, रविवार

काठी म्हणून कपडे वाळत घालायची काठी घेतली. भिंत बेडरूमची. हॉलची पश्चिमेला आहे, दुपारी तव्यासारखी तापते.

प्रकाश मागे उभा राहतो, बोट पोचतं तिथे पेन्सिलने खूण करतो. नवऱ्याला हे काम मिळालंय, त्यामुळे तो खूश आहे. आज मी हात खाली घेतल्यावर त्याने खूण केली — माझ्या बोटापेक्षा चांगली दोन बोटं वर.

"बघ! कालच्यापेक्षा किती वर!"

त्याला वाटतं मला कळलं नाही. बोलायला हवं होतं का? खोट्या खुणेने हात काही वर जाणार नाही. पण त्याला त्या खुणेची गरज असेल तर? आणि मी तरी कुठे साधी आहे. बोट वर जावं म्हणून टाचा उचलल्या होत्या.

दोघं मिळून भिंतीला फसवतोय.

१७ एप्रिल, गुरुवार

व्यायाम केले नाहीत.

२० एप्रिल, रविवार

कॉलेजमधल्या दोघी येऊन गेल्या. खरबूज आणलं होतं. "आता कसं वाटतंय?" "बरं आहे." दुसरं उत्तर सापडत नाही. वाईट वाटत असतं तर तसं सांगितलं असतं. काही वाटतच नाही, हे पाहुण्यांना कसं सांगायचं? त्या नजर माझ्या तोंडावर ठेवून बोलतात. खाली बघायचं नाही असं दारातच ठरवून येतात. मी ओढणी सारखी करते. त्यांच्यासाठीच.

बेडरूमच्या कपाटाच्या आरशावर मी चादर अडकवून ठेवलीय. प्रकाशने विचारलं नाही.

आज स्वतःला सरळ विचारलं. हात जात नाही, की मी नेत नाही?

खांद्यापर्यंत आला की ओढ बसते. कळ नाही, नुसती ओढ. अलफिया म्हणते तिथून पुढे थोडं जायचं, श्वास सोडत. मी तिथेच थांबते. आणि त्या वेळी मनात एक विचार येतो. फार शांतपणे येतो. हात गेलाच नाही तर धुळ्याला जायला नको. ते मशीन नको, त्या खुर्च्यांवर बसून नाव पुकारायची वाट बघणं नको. आणि कुणी म्हणणार नाही की हिने नको म्हटलं. हातच जात नाही, बिचारी काय करणार!

हे लिहिलं आणि भीती वाटेल म्हणून थांबले. वाटली नाही. नवऱ्याला सांगणार नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

अलफियाने कोनमापकाने मोजलं. परत एकदा मोजलं.

"मॅडम, घरी होतात ना व्यायाम?"

"होतात."

तिने माझ्याकडे बघितलं — वही घरी राहिली म्हणणाऱ्या मुलीकडे मी वर्गात बघायचे तसं. मग म्हणाली, "पाच तारखेला हात गेला नाही तर ते परत पाठवतील. महिनाभर पुढे जाईल सगळं. ऑपरेशननंतर इतकं थांबणं बरं नाही, हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?"

नको. माहीत आहे. माहीत असण्याचा काही उपयोग होत नाही, एवढंच.

२७ एप्रिल, रविवार

कोकिळाचा फोन. माझी भावजय, पंडितची बायको. शिरपूरजवळ गावात शेती बघतात दोघं. आई गेल्यापासून माहेर म्हणजे तीच.

"ताई, आखाजीले येवानंच शे. लेक माहेरी नई उनी तं आखाजी कसानी?"

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, तीस तारखेला. मी म्हटलं, ऊन फार आहे. हात असा आहे. पाच तारखेला धुळे आहे.

"हाताले काय काम शे इथे? बठ्ठं मी करसू. तू फक्त बस आनि खा!"

पंडित गाडी घेऊन येतोय मंगळवारी. प्रकाशला सुट्टी नाही. जाते. नाही म्हणायलाही जोर लागतो.

२९ एप्रिल, मंगळवार

पोचले. अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधलाय. गल्लीतल्या माहेरवाशिणी दोरी धरून उभ्याने झोके घेत होत्या, गाणी चालली होती. मला म्हणाल्या, ये ना ताई. मी झोक्याच्या पाटावर नुसती टेकले, एका हाताने दोरी धरून. पाय जमिनीवर.

पंडित माझ्याशी पावसाचं बोलला, कपाशीचं बोलला, पीक विम्याचं बोलला. आजाराचं एक अक्षर नाही. लहानपणी मला लागलं की तोच रडायचा.

व्यायाम केले नाहीत. भिंती शेणाने सारवलेल्या नाहीत आता, रंगवलेल्या आहेत. बोटांचे डाग पडतील — हे कारण मी स्वतःला दिलं. नोंदवून ठेवते.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

आज जे झालं ते झालं तसंच लिहिते.

कोकिळाने सकाळीच अंगणात चूल पेटवून वर मातीचं खापर पालथं घातलं. पुरणाचे मांडे. सोबत आमरस आणि रशी, म्हणजे पुरणाच्या डाळीच्या पाण्याची आमटी. आमच्याकडे मांडा पोळपाटावर पुरा होत नाही. लाटीत पुरण भरून जरासं लाटलं की तो हातांवर घ्यायचा. या हातावरून त्या हातावर फिरवत वाढवायचा. मोठा होत गेला की हात उंच धरायचे, मग तो आपल्या वजनाने कोपरापर्यंत पसरत येतो. तसाच नेऊन खापरावर घालायचा. एकदा हातावर घेतला की मांडा खाली ठेवता येत नाही. ठेवला की गोळा! लग्नाआधी मी चांगले करायचे. जळगावला गॅसवर कोण खापर ठेवतं?

मी जवळ स्टुलावर बसले होते. शेजारच्या म्हाताऱ्या अक्का लाट्या करून देत होत्या. कोकिळाच्या हातावर मांडा अर्धा झाला होता, आणि ओसरीवर शेळीने आमरसाच्या पातेल्यात तोंड घातलं.

"ए धोंड! हाड्! — ताई, धर, धर!"

आणि मांडा माझ्या हातांवर. ती धावली.

खाली ठेवता येत नाही. अक्का बसल्या जागेवरून उठेपर्यंत फाटला असता. मी उभी राहिले. एकदा फिरवला. डाव्यावरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर. एका कडेला जाड राहिला होता, तो भाग खाली यायला हात उंच करायला हवे होते. मी केले. पुरण आतून दिसायला लागलं, फाटला नाही. मी फक्त ती जाड कड बघत होते. मग वाकून खापरावर घातला.

वळले तर कोकिळा पातेलं छातीशी धरून उभी.

"ताई! हात तं वर गया ना तुना!"

"कुठे?"

"कुठे काय! डोकावर! कानले लागेल होता दंड! अक्का, तुम्ही देखा ना?"

अक्का म्हणाल्या, "देखा तं. गौराई पावनी तुले, पोरी."

"गौराई कसानी, शेळी पावनी!" कोकिळा हसता हसता खाली बसली. मग एकदम, "इतली वाकनी तू, चटका तं नई लागना?"

"नाही गं."

खरंच काही लागलं नव्हतं. काही जाणवलं नव्हतं.

मला आणखी एक करायला लावला. तो फाटला. "मास्तरीणबाई, मांडा शे तो, पेपर नई!" कोकिळा म्हणाली. पंडितने प्रकाशला फोन लावला. तिकडून प्रकाश काय बोलला ते कळलं नाही, पंडितच नाक पुसत गोठ्याकडे गेला. सगळे जेवायला बसेपर्यंत तेच बोलणं — हात वर गेला, हात वर गेला. दोन मांडे खाल्ले मी.

सगळे खूश आहेत. मीही असायला हवं. पण मला दुसरंच दिसतंय. म्हणजे हात जात होता. आज जेवढा गेला तेवढा परवाही गेला असता, श्वास सोडत, ओढीच्या थोडं पुढे. मी नेत नव्हते. आता सोमवारी सांगायला कारण उरलं नाही. 

आनंद झाला नाही. अडकल्यासारखं झालं. हे लिहायची लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे.

१ मे, गुरुवार

जळगाव. पंडितने दुपारी सोडलं.

कपडे बदलताना उजवी बाही दंडाला चिकटली होती. ओढली तर ओलं. डाव्या हाताने चाचपलं, बोटाला चिकट पाणी लागलं. पहिलं मनात आलं — टाका उघडला. आतून काहीतरी येतंय. दंडाची मागची-आतली बाजू, काखेच्या थोडी खाली. मान कितीही वळवली तरी दिसत नाही. प्रकाश बाहेरून यायचा होता.

चादर काढली आरशावरची.

भाजलंय. फोड होता, बाहीने फुटलाय. तळहाताएवढा नाही, पण रुपयापेक्षा मोठा. खापराची कड लागली असणार मांडा घालताना. मांस भाजेपर्यंत हात तिथे टेकला होता आणि मला कळलं नाही. कोकिळाने विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले, आणि मी खोटं बोलत नव्हते.

ते नीट दिसावं म्हणून हात वर केला. मग बाकीचंही दिसलं. इतके दिवस मी जे बघितलं नव्हतं ते. सपाट. एक आडवी रेघ, काखेकडे जाताना थोडी वाकडी. मला वाटायचं फार भयंकर असेल. भयंकर नाही. फक्त तिथे काही नाही. डाव्या बाजूला आहे, उजव्या बाजूला नाही. एवढंच. बराच वेळ बघितलं. हात वर तसाच होता, थकला तेव्हा लक्षात आलं.

प्रकाश आला. त्याने जखम बघितली, आणि मी आरशासमोर उभी आहे हेही बघितलं. नळाच्या पाण्याखाली धरायला लावलं. मलम शोधताना दोन खण उपसले. म्हणाला, "कोकिळाला सांगू नको. जीव देईल ती."

२ मे, शुक्रवार

सकाळी धुळ्याला फोन केला. खरं ते सांगितलं — दंड भाजलाय, काखेजवळ.

बाई म्हणाल्या, जखम ओली असेल तर सोमवारी मार्किंग, म्हणजे छातीवरच्या खुणा, होत नाही. तारीख सोडा. पंधरा दिवसांनी फोन करा, मग बघू.

हेच हवं होतं ना मला? आयतं मिळालं. हात वर जातो, बघितलंत ना, पण काय करणार, भाजलं!

मी म्हणाले, "नाही."

"काय नाही?"

"तारीख सोडत नाही. जखम न बघताच कसं सांगता? रेडिएशन छातीला आहे, जखम दंडाला आहे. डॉक्टरांना बघू द्या, मग त्यांनी नाही म्हणावं." आवाज चढला होता माझा. प्रकाश दाढी अर्धी ठेवून बाहेर आला. "आणि त्यांनी नाही म्हटलं तर लगेचची पुढची तारीख घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही!"

तिकडे पानं उलटल्याचा आवाज. मग — "उद्या डॉक्टर आहेत बारापर्यंत. या."

फोन ठेवला आणि कपाटावरची रिपोर्टांची फाइल खाली काढली. दोन्ही हातांनी.

उद्या — धुळ्याची पहिली एसटी.