ऑर्किडला ताण

३ फेब्रुवारी
पानं मऊ पडलीत. सुरकुतलीत — माझ्या हातांसारखी! ही आजारी पडली आणि हिची ऑर्किडं माझ्या गळ्यात आली. पंप-पाइपांच्या दुकानात हयात गेली, मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही. ही पलंगावरून खिडकीतल्या कुंड्यांकडे बघते, मग कूस बदलते. बघवत नसणार.

५ फेब्रुवारी
डॉक्टरांनी जिन्यात गाठलं. म्हणाले, फार दिवस नाहीत. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण त्यांना ताण देऊ नका. थोरल्या लेकीला फोन केला. ठरलं — सांगायचं नाही. हिने विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, सुधारणा आहे. जन्मभर गिऱ्हाइकं पटवली. हिने कूस बदलली.

९ फेब्रुवारी
पंप बघायला आलेला बागाईतदार सोबत्याला सांगत होता — पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, बहर हमखास. माझे कान तिखट! डॉक्टर म्हणतात ताण देऊ नका, हा म्हणतो द्या. माणसाचं वेगळं, झाडाचं वेगळं. आजपासून कुंड्यांचं पाणी बंद. हिला एक फूल दाखवायचंय, बस.

१४ फेब्रुवारी
थोरलीने कुंडीत बोट घालून बघितलं. बाबा, कोरडीठाक आहे हो. म्हटलं, तुझा बापही असाच उपाशी राहून वर आला. हसली नाही.

२ मार्च
दांडी निघाली! जांभळ्या ऑर्किडला. टोकाला मोहरीएवढ्या कळ्या. कुंडी उचलून थेट पलंगाशी नेली. वाटलं, आता हिचा चेहरा उजळेल. हिने पानं चाचपली, मुळं बघितली.
"पाणी तोडलंत?"
"ताण दिला. बागाईतदार म्हणाला—"
"अहो, ते फळबागेला. हे आधीच आजारी." जरा दम घेतला. "आता आपण जगत नाही असं वाटलं, की झाड घाईने फुलतं. दांडी कापा. झाड तरी वाचेल."
म्हटलं, अगं, फूल तर बघ आधी.
"खूप बघितली मी."
कात्री सापडत नाही म्हणालो. समोरच होती.

३ मार्च
कापवली नाही.

४ मार्च
सकाळी कापली. ही म्हणाली, "आता इथे बसा. माझ्यानंतर पाणी कधी, किती द्यायचं, ते नीट ऐका."
माझ्यानंतर, म्हणाली. मी खोडून काढलं नाही.